दोष कार्डाचा नव्हता

माझं वय त्रेचाळीस, नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये, आणि मी कॉम्प्युटरवर गेम खेळते. हे सांगायला मला काही अवघड वाटत नाही. माझ्या नवऱ्याला मात्र ते एका दुकानात, अनोळखी माणसासमोर सांगता आलं नाही. त्याचा राग मला अजून येतो.

खेळाचा नाद धाकट्या बहिणीमुळे लागला. ती नागपूरला असते. आमच्या दोघींची सुटी जुळते फक्त रविवारी, आणि जेवणं आटोपली की दुपारी दोन ते पाच तिला कुणी हाक मारत नाही. फोनवर तेच तेच बोलून कंटाळा आला, तेव्हा तिनं मला या गेममध्ये ओढलं. जुन्या काळातलं एक राज्य आहे. त्यात जंगलं, नद्या, गावं. आपापल्या घरी बसायचं, हेडफोन लावायचा, आणि दोघींनी दोन घोडे घेऊन हिंडायचं. तिच्या सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन, माझ्या लॅबमधला नवा साहेब, सगळ्या गप्पा घोड्यावर बसूनच व्हायच्या. चार वर्षं झाली, मी तो रविवार चुकवलेला नाही.

गेल्या वर्षी गेममध्ये एक नवं शहर आलं. मोठा बाजार, शेकडो माणसं, गाढवं, हातगाड्या. जंगलात माझा घोडा सुरळीत पळायचा आणि बाजारात शिरला की अडखळायचा. चित्र थांबायचं, मग एकदम चार पावलं पुढे. बहीण निघून गेलेली असायची आणि कानात तिचा आवाज यायचा, "ताई, कुठे राहिलीस?" दोन रविवार सहन केलं, तिसऱ्या रविवारी वैतागून खेळ बंद केला.

रक्त न तपासता औषध लिहिणाऱ्या डॉक्टरांची आम्ही लॅबमध्ये टिंगल करतो. म्हणून मी आधी तपासायचं ठरवलं. कॉम्प्युटरचा कुठला भाग किती राबतोय ते दाखवणारं एक सॉफ्टवेअर बहिणीनं सांगितलं, ते घातलं. बाजारात गेल्यावर प्रोसेसर शंभर टक्क्यांना टेकायचा आणि ग्राफिक्स कार्ड निम्म्यावर निवांत असायचं. तरी खात्री करावी म्हणून चित्राची सगळी सेटिंग तळाला नेली. झाडं पुसट झाली, सावल्या गेल्या, माणसांचे चेहरे मातीच्या बाहुल्यांसारखे दिसायला लागले. कार्डाचं काम इतकं हलकं केल्यावर घोडा पळायला हवा होता. तो तिथेच, तसाच अडखळला. म्हणजे दोष कार्डाचा नव्हता. चित्र काढणारा भाग रिकामा बसला होता, आणि त्या शेकडो माणसांचा हिशेब ठेवणारा प्रोसेसर थकला होता. मी हे सगळं वहीत लिहून काढलं, तीन वेळा तपासून.

नवरा वसईच्या एका कंपनीत डिस्पॅच बघतो. माणूस वाईट नाही. माझ्या खेळण्याला त्यानं कधी अडवलं नाही, कधी शेजारी येऊन बघितलंही नाही. मी वही दाखवली तेव्हा त्यानं पान उलटून पाहिलं आणि म्हणाला, आपण एखाद्या माहितगाराला विचारू. मी म्हटलं, मी सांगतेय ना. तर म्हणे, तू लॅबमधली, हे त्यांचं रोजचं काम आहे. तिथेच मी नको म्हणायला हवं होतं. पण स्वतःहून येतो म्हणतोय, तर येऊ दे, असं वाटलं. आमच्या जेसल पार्कहून रिक्षा केली आणि शांती नगरच्या एका सेक्टरमध्ये, त्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलेल्या दुकानात गेलो.

दुकानदार तिशीतला, गुळगुळीत बोलणारा. मी काउंटरवर वही ठेवली आणि हिंदीत सांगायला सुरुवात केली. त्यानं वहीकडे पाहिलं नाही. माझ्या खांद्यावरून नवऱ्याकडे बघत विचारलं, "भाईसाब, बच्चा कौनसा गेम खेलता है?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. आता तो सांगेल, असं मला वाटलं. त्यानं गेमचं नाव सांगितलं, ते त्याला माहीत होतं याचंच मला नवल वाटलं.

"कितने साल का है?"

"तेरा," नवरा म्हणाला.

आम्हाला मूल नाही. सात वर्षं डॉक्टरांकडे खेटे घातले, एकदा दिवस गेले, चौथ्या महिन्यात सगळं संपलं. नंतर दोघांनी मिळूनच थांबायचं ठरवलं. हे नातेवाइकांना माहीत आहे, सोसायटीत माहीत आहे. आणि माझा नवरा माझ्यासमोर, माझ्या वहीवर हात ठेवून, एका परक्या माणसाला सांगत होता की आमचा तेरा वर्षांचा मुलगा गेम खेळतो.

ते खोटं मी तिथेच का खोडून काढलं नाही, हे मला माझंच कळत नाही. दुकानदार पुढे बोलत राहिला. या वयात मुलांना चांगलं कार्ड लागतं, प्रोसेसर मस्त आहे, त्याला हात लावू नका. मी एकदा मध्ये बोलले की प्रोसेसर शंभर टक्के जातोय. तो हसून म्हणाला, मॅडम, वो तो जायेगाच. नवऱ्यानं मान डोलावली आणि कार्ड घेतलं. पैसे त्याच्या बोनसचे होते, तेव्हा त्याबद्दल मी काय बोलणार.

रिक्षात मी विचारलं, "मुलगा कुठून आणलास?"

तो बाहेर बघत म्हणाला, "अगं, असंच बोललो. प्रत्येकाला सगळं कशाला सांगायचं?"

घरी आल्यावर मी वही पुन्हा कॉम्प्युटरशेजारी ठेवली.

रविवारी सकाळी दुकानातला माणूस येऊन कार्ड बसवून गेला. दुपारी मी खेळायला बसले. खोटं कशाला बोलू, जंगल देखणं झालं होतं. पाण्यावर ऊन पडलेलं कळत होतं. मग बाजारात शिरले आणि घोडा अडखळला. आकडे पाहिले. प्रोसेसर शंभर. नवं कोरं कार्ड पस्तीसवर. बहिणीनं विचारलं, जमलं का गं? मी म्हटलं, नंतर फोन करते, आणि हेडफोन काढला.

नवरा माझ्या मागे येऊन उभा होता. म्हणाला, "छान दिसतंय की."

तिथे माझा तोल गेला. मी त्याला खुर्चीत बसवलं, माऊस त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, चालव. त्यानं घोडा बाजारात नेला, भिंतीवर आपटला, पुन्हा वळवला. चित्र थांबलं, उडालं, थांबलं. मी एकेक आकडा बोटानं दाखवला आणि वही त्याच्या मांडीवर टाकली. तो म्हणाला, ठीक आहे, चूक झाली, त्यानं फसवलं आपल्याला. मी म्हटलं, त्यानं तुला फसवलं, मला नाही. मला आधीपासून माहीत होतं. मग जे आठवडाभर गिळून बसले होते ते बाहेर आलं.

"तुला त्याच्यासमोर माझी लाज वाटली," मी म्हटलं. "बायको खेळते म्हणायची."

"तुझी नाही वाटली."

"मग?"

त्यानं माऊस बाजूला सरकवला. मग म्हणाला, दुकानदारानं मुलाचं विचारलं, मूल नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. तो प्रश्न लोक इतकी वर्षं विचारतायत, त्याला त्या दिवशी नको होता.

"मलाही विचारतात," मी म्हटलं. "मी उत्तर देते. आणि तेरा कुठून आलं? दहा का नाही, पंधरा का नाही?"

"तेरा झाला असता," तो म्हणाला.

मी हिशेब केला. बरोबर होता. चौथ्या महिन्यात गेलेलं ते मूल राहिलं असतं तर त्या वर्षी तेरा पूर्ण झालं असतं. कुणाला वाटेल की हे ऐकून मी विरघळले. मी विरघळले नाही, मला आणखी राग आला. इतकी वर्षं हा माणूस वर्षं मोजत होता आणि मला एकदाही सांगितलं नव्हतं. मी हॉस्पिटलातून आले त्या आठवड्यात तो तिसऱ्या दिवशी कामावर गेला होता. मी एकटी भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि मला वाटत होतं, याला काहीच वाटत नाही. तेरा वर्षं मला तेच वाटत होतं. आणि सांगितलं ते कुणाला, तर कार्ड विकणाऱ्या माणसाला. मी हे सगळं त्याला ओरडून सांगितलं. मी स्वयंपाकघरात गेले आणि कुकर इतका जोरात आपटला की खालच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी विचारलं.

सोमवारी लॅब सुटल्यावर मी एकटी दुकानात गेले. मोबाइलवर सगळं शूट करून नेलं होतं. दुकानदारानं दहा सेकंद पाहिलं आणि म्हणाला, बेटे को बोलो सेटिंग कम करे.

"मेरा बेटा नहीं है," मी म्हटलं. "मैं खेलती हूँ. सेटिंग कम करके भी देखा है, आपको उसी दिन बताया था."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती वळून बघायला लागली. दुकानदाराचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. खोका उघडलाय, कार्ड परत होणार नाही, असं त्यानं सांगितलं. आणि पुढे, जसं काही त्यालाच आत्ता सुचलं, म्हणाला की मॅडम, तुमचा प्रोसेसर कमी पडतोय, माझ्याकडे चांगला आहे. मी मोबाइल पर्समध्ये टाकला आणि बाहेर पडले. कोपऱ्यावर नारळवाला होता, त्याच्याकडे उभ्यानं पाणी प्यायले आणि घरी आले.

लॅबचा कॉम्प्युटर बिघडला की आम्ही हाटकेश भागातल्या एका गाळ्यातून एका काकांना बोलावतो. ते इथल्याच जुन्या कोळीवाड्यातले. शेजारच्या गाळ्यात दिवसभर पत्रे कापतात, त्यामुळे काकांशी मोठ्यानं बोलावं लागतं. मी त्यांच्याकडे गेले आणि वही दिली. त्यांनी चष्मा लावून पूर्ण पान वाचलं. मग विचारलं की जंगलात नीट चालतं आणि गर्दीतच अडतं, असंच ना. मी हो म्हटलं.

"कार्डात काय न्हाय," काका म्हणाले. "तुम्ही बरोबर लिवलंय."

एवढ्या एका वाक्यानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाही मला राग आला. बरोबर तर मी पहिल्या दिवशीच होते. प्रोसेसर ज्यावर बसतो त्या बोर्डाचा नंबर मी वहीत लिहिला होता, तो काकांनी पाहिला, त्याच बोर्डावर बसेल असा वापरलेला, दमदार प्रोसेसर शोधून ठेवतो म्हणाले. आधी बोर्डाचं सॉफ्टवेअर नवं करावं लागेल, नाहीतर मशीन सुरूच होणार नाही, हेही सांगितलं. चार दिवसांनी मी कॉम्प्युटर रिक्षात घालून नेला. त्यांनी माझ्यासमोर प्रोसेसर बसवला, माझ्यासमोर गेम लावला आणि मलाच बाजारात जायला सांगितलं. घोडा सरळ गेला. माणसं बाजूला होत होती, गाढवं चालत होती, कुठे काही थांबलं नाही. कार्डही आता ऐंशीच्या वर राबत होतं. आधीचं काढलेलं जुनं कार्ड मी सोबत नेलं होतं, ते काकांनी कामाच्या बदल्यात ठेवून घेतलं.

त्या रविवारी बहिणीला मी मागे टाकलं. ती हसत होती आणि मला सगळं विचारत होती. कॉम्प्युटरचं मी सांगितलं, बाकीचं नाही.

नवरा त्यानंतर महिनाभर जपून वागत होता. स्वतःहून चहा करायचा, कप माझ्या टेबलावर ठेवून निघून जायचा. हे त्याचं माफी मागणं, ते मला कळत होतं आणि पुरेसं वाटत नव्हतं. शेवटी एका सकाळी भाजी निवडताना मीच विचारलं, वाढदिवस कधी धरतोस? त्याला काय विचारतेय ते लगेच कळलं. फेब्रुवारीचा शेवट, तो म्हणाला. मी म्हटलं, नाही, डॉक्टरांनी मला मार्चची तारीख दिली होती. तो म्हणाला, ती पहिली तारीख, सोनोग्राफीनंतर बदलली होती, तू विसरलीस. मी म्हटलं, मी विसरेन? माझ्या पोटात होतं ते. आवाज चढले. भाजी तशीच राहिली आणि आम्ही कपाटावरची फाइल काढली. एकेक कागद पिवळा पडला होता. सोनोग्राफीचा रिपोर्ट सापडला, आणि तारीख त्याचीच बरोबर निघाली. मी तो रिपोर्ट दोनदा वाचला, मग त्याच्या हातात दिला आणि भाजी निवडायला बसले.