नव्या डिस्कवर संसार हलवला तेव्हा

आमचा संगणक सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की बटण दाबून मी गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालून यायची, तरी पडद्यावर गोल फिरतच असायचं. मी पेठकडच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाले, तेव्हापासून आमच्या विहारातल्या महिला मंडळाची सगळी पत्रकं याच संगणकावर मीच करते. वर्षावासातल्या ग्रंथवाचनाचं वेळापत्रक करायचं होतं आणि पान उघडत नव्हतं. मी वैतागून म्हटलं, "आता नवीनच घेऊ या."

आमचे मिस्टर म्हणाले, "मशीन बदलायचं नसतं. पार्ट बदलायचा असतो."

त्यांची सगळी नोकरी अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला गेली. घरातला पंखा, मिक्सर, गिझर, कशालाही त्यांनी बाहेरच्या माणसाचा हात लागू दिलेला नाही. त्यांनी चार दिवस व्हिडिओ बघितले आणि एक एसएसडी, म्हणजे नव्या पद्धतीची वेगवान डिस्क, मागवली. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कऐवजी ही वापरायची आणि संगणक जिच्या जोरावर चालतो ती ऑपरेटिंग सिस्टीम, माझ्या फायलींसकट, जशीच्या तशी तिच्यावर न्यायची, असा बेत होता. पुण्याला असलेली मुलगी याच कामातली. "तिला विचारा ना एकदा," मी सुचवलं. "तिला कशाला त्रास," ते म्हणाले, आणि मला समजायचं ते समजलं.

पार्सल आलं तेव्हा त्यांनी ते कानाशी धरून हलवून पाहिलं. "यात काही आहे का? वजनच नाही." आत पत्त्यांच्या कॅटाएवढी काळी चपटी वस्तू निघाली. एवढ्याशा जागेत माझं सगळं लिखाण मावणार यावर माझाही विश्वास बसेना.

रविवारी सकाळी काम निघालं. संगणकाचं कॅबिनेट उघडल्यावर आतून जी धूळ निघाली तिच्यात मेथी लावता आली असती. स्क्रू त्यांनी ओळीनं ताटात मांडले. माझ्या जेवायच्या ताटात. जुनीच्या शेजारी नवी डिस्क जोडून झाली, जुनीवरच्या सगळ्याची नक्कल सुरू झाली, पडद्यावर टक्के सरकायला लागले. मग त्यांनी घराच्या मेन स्विचवर पुठ्ठा टांगला: 'काम चालू आहे. हात लावू नये.'

"घरात आपण दोघंच आहोत," मी म्हटलं.

"कारखान्यात पण सगळे असंच म्हणायचे," ते म्हणाले.

मिक्सर बंद, इस्त्री बंद, वॉशिंग मशीन बंद. लाइनवर लोड नको म्हणे. चटणी मी खलबत्त्यात कुटायला घेतली, तर हादऱ्यांमुळे तीही गॅलरीत जाऊन कुटावी लागली. तेवढ्यात महिला मंडळाच्या अध्यक्षबाई वेळापत्रकाचं विचारायला आल्या. यांनी दारातच ओठांवर बोट ठेवलं. बाईंनी चप्पल हळूच काढली, माझ्याजवळ आल्या आणि कुजबुजत्या आवाजात म्हणाल्या, "जय भीम. कोणाला बरं नाही का?"

दुपारी शंभर टक्के झाले. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. आम्ही दोघं समोर बसलो होतो. "बघितलंस?" ते म्हणाले. मला खरंच जाणवलं. गोल फिरायचं कमी झालं होतं, अक्षरं पटापट उमटत होती. पुढचा आठवडाभर मी त्याच्यावर वेळापत्रक केलं. अध्यक्षबाईंनी येऊन पाहिलं आणि त्यांनाही फरक कळला. विहारात दोघातिघांनी यांच्याकडे आपापल्या संगणकाची तक्रार मांडली. ऐकून घेताना हे डॉक्टरांसारखी मान हलवत होते.

पुढच्या शनिवारी मुलगी आली. तिला मोठ्या कौतुकानं दाखवलं. तिनं दोन-तीन ठिकाणी क्लिक केलं आणि थांबली.

"बाबा, हा अजून जुन्याच डिस्कवर चालतोय. नवी नुसती बसून आहे."

"मग वेग वाढला तो?"

"वेग होता तेवढाच आहे."

मी उगाचच पडदा पुसला. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "नक्कल बरोबर झालीये की नाही?"

"एकदम बरोबर. फक्त कुठून सुरू व्हायचं ते त्याला सांगायचं राहिलंय. जुनीची वायर काढा, म्हणजे तो आपोआप नवीकडे जाईल."

वायर त्यांनी स्वतःच काढली. बटण दाबलं आणि मी खुर्ची पुढे ओढेपर्यंत पडदा उजळून तयार. या खेपेला मात्र कोणी "बघितलंस?" म्हणालं नाही. मी वेळापत्रक उघडायला गेले, तर ते कुठेच नव्हतं. तारखा नाहीत, वाचणाऱ्या बायकांची नावं नाहीत, काही नाही.

"आई, नक्कल गेल्या रविवारची आहे," मुलगी शांतपणे म्हणाली. "त्यानंतरचं तू सगळं जुनीवर केलंस. तिच्यावर आहे ते."

जुनी पुन्हा जोडली. तिच्यावरून आठवडाभराचं काम नवीवर आणलं. सगळं मिळालं. मुलगी म्हणाली, आता जुनी पुसून टाकू. हे म्हणाले, राहू दे तशीच, कपाटात. मीही लगेच हो म्हटलं. आमचं इतकं झटपट एकमत बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

रविवारी विहारात एकानं यांना विचारलं, काय, कसा चालतोय?

"आता खरा चालतोय," ते म्हणाले. "आधी आठवडाभर नवी डिस्क स्टँडबायवर ठेवली होती. एकदम लोडवर घ्यायची नसते."

मी शेजारीच सतरंजी झटकत होते. मी झटकत राहिले.