फुकटचं गरम पाणी

जळगावचं ऊन वाया जातं याचं मनापासून वाईट वाटणारा एकच माणूस मी पाहिला, ते म्हणजे माझे घरमालक आबा. जामनेरजवळच्या गावातून कॉलेजसाठी आलो तेव्हा मी त्यांच्या वरच्या खोलीत राहायचो. आबांनी वॉशिंग मशीन घेतलं आणि पहिल्याच दिवशी मला समजावलं, "कपडे फिरवायला फार वीज लागत नाही रे, पाणी तापवायला लागते. सूर्य वर फुकट तापवतोय, मग खाली कॉइल कशाला?" मशीनच्या गरम पाण्याच्या बटणावर त्यांनी चिकटपट्टी लावली आणि गच्चीवरच्या सोलरचा पाइप थेट मशीनला जोडला. वाटेत पाणी निवू नये म्हणून पाइपाला गोणपाट आणि केळीचा वाळका पाला गुंडाळला. पाइपात साचलेलं गार पाणी आधी बादलीत काढायचं, त्यांच्या पत्नी अक्कांनी त्यात भांडी विसळायची, मगच मशीन सुरू. अर्धं रिकामं मशीन चालवणं तर त्यांना पाप वाटे. कपडे कमी पडले की शेजारच्यांच्या चादरी मागून आणत.

मी बी.एस्सी. झालो, आमच्या घरात पहिलाच. धुळ्याच्या एका शाळेनं मुलाखतीला बोलावलं. चांगला शर्ट एकच, पांढरा. आबांनी तो हौसेनं धुवायला घेतला, पण एकट्या शर्टासाठी मशीन लावायचं कसं? म्हणून त्यांनी घरातले सगळे कपडे आणि स्वतःचा नवा लाल गमछा सोबत टाकला. मे महिन्यातलं सोलरचं कढत पाणी ते! शर्ट गुलाबी होऊन निघाला. अक्का अहिराणीत कडाडल्या, "फुकटनं पानी शे म्हनीसन पोऱ्याना शर्ट शिजाडी टाका का तुम्ही?" आबांनी स्वतःचे सगळे शर्ट माझ्यापुढे आणून ठेवले. ते मला झोळीसारखे व्हायचे, तेव्हा सकाळी मी तोच गुलाबी घालून निघालो. बघतो तर एसटीत शेजारी आबा!

माझं नाव पुकारण्याआधीच ते आत शिरले. "साहेब, शर्ट मी बिघडवलाय. त्याचे मार्क कापू नका," आणि घडलेलं सगळं सांगून बाहेर आले. मुख्याध्यापकांनी मला हसत पहिला प्रश्न विचारला, "पाणी तापवायलाच एवढी वीज का लागते, सांगा." तीन वर्षं रोज ऐकलेलं होतं, मी न अडखळता सांगितलं. नोकरी लागली.

मुलाखतीआधी बाहेर बाकावर इतर उमेदवारांचे वडील बसले होते. माझे वडील त्या दिवशी दुसऱ्याच्या शेतात कामाला होते. शिपायानं आबांना विचारलं, "तुम्ही याचे वडील का?" आबा म्हणाले, "हो."

शिपाई आजही अधूनमधून चौकशी करतो, "वडील बरे आहेत ना?" मी जळगावची खुशाली सांगतो.