ताई विरुद्ध नगरपालिका

नगरपालिकेच्या वकिलाला गाव 'तारीखवाले' म्हणायचं. खड्ड्यात पडून कुणाचा पाय मोडो, नाहीतर नळाला गटाराचं पाणी येवो, पालिकेच्या बाजूनं कोर्टात हाच उभा. "साहेब, कागद यायचेत. पुढची तारीख मिळावी." कागद कधी यायचे नाहीत. करणी पालिकेची, शिव्या याला.

त्याची थोरली बहीण एका जुन्या तीनमजली इमारतीत भाड्यानं राहायची. आईच्या माघारी तिनंच शिवणयंत्र मारमारून त्याला वकील केला. ती इमारत पालिकेच्या इंजिनियरनं धोक्याची ठरवली. खाली करायची नोटीस निघाली. भाडेकरूंनी कोर्टातून स्थगिती आणली, आणि ती उठवायचं काम तारीखवाल्याच्या गळ्यात आलं.

तो मुख्याधिकाऱ्याकडे गेला. "साहेब, दावा लावणाऱ्यांत पहिलं नाव माझ्या बहिणीचं आहे. दुसरा वकील बघा."

"दुसरा नेमायला सभेचा ठराव लागतो. सभा तारखेच्या नंतर. कोर्टाला नातं सांगा, त्यांची हरकत नसेल तर चालवा."

हरकत कशाला असेल? भाडेकरूंचा वकील तर खूश झाला. बहिणीच्या छपरावर भाऊ कुदळ घालतो होय! त्या भरवशावर त्यांनी स्वतःचा इंजिनियर आणून इमारत तपासून घेतलीच नाही.

तारीखवाल्याला हे लख्ख दिसत होतं. पण समोरच्या पक्षाला अक्कल शिकवायची नाही, हा त्याच्या धंद्याचा पहिला नियम. तो संध्याकाळी ताईकडे जाऊन नुसता बसला.

"तोंड का शिवलंयस? उद्या कोर्टात उघडायचंय ना?"

"तुमच्या वकिलाची तयारी झाली का?"

"तो म्हणतो, समोर तुमचाच भाऊ, तयारी कसली?" ताई हसली. "तू तारीखच मागणार. जन्मात दुसरं काय केलंयस?"

तिच्या मागं भिंतीतली भेग कपाटाआडून निघून थेट छताला भिडली होती. ताईनं तिच्यावर कॅलेंडर टांगलं होतं. भेग कॅलेंडरात मावत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तारीख मागितली असती तर मिळाली असती. त्यानं मागितली नाही. इंजिनियरचा अहवाल वाचला, फोटो दाखवले, जीव तोडून बोलला. समोरचा वकील हात चोळत बसला. स्थगिती उठली.

पोलीस आले, इमारत खाली झाली. ताई गावाबाहेर एका अंधाऱ्या खोलीत गेली. तिथं कपडे शिवून घ्यायला कोण येणार?

आणि इमारत? पाडायला आधी ठेकेदार मिळेना, मग निवडणूक लागली, मग ठेकाच रद्द झाला. पुढं पालिकेनंच तळमजल्यावर आपले झाडू, पिंपं आणि मोडक्या कचरागाड्या नेऊन टाकल्या. सकाळी झाडूवाल्या आत जायच्या, दुपारी सावलीला तिथंच भाकरी खायच्या. तारीखवाला मुख्याधिकाऱ्याला सांगून थकला.

"अहो, इतकी वर्षं पडली नाही, आता काय पडतेय!" साहेब म्हणाले.

वारा सुटला की तारीखवाला खिडकीशी जाऊन कान द्यायचा. एकदाची पडावी, असं त्याला वाटायचं. मग आत बाया असतील हे आठवून स्वतःचीच किळस यायची.

ताईकडे गेला की ती शिवणातून मान वर न करता विचारायची, "पडली?"

"नाही."

"मग कशाला आलास?"

तो उंबऱ्यातच पुन्हा चपला घालायचा.