मामांची काडतुसं

शिलाई मशीनला तेल घालताना त्या वासाने मला उधन्याला राहणारे मामा आठवतात. व्यारा गावाजवळ शेत घेतल्यावर त्यांनी परवान्याचं रिव्हॉल्वर घेतलं होतं; त्यालाही ते असंच तेल लावत. काडतुसं घेताना मी सोबत होते.

"रानडुकरासाठी कडक गोळी घ्या, शेठ," दुकानदार म्हणाला. "मऊ शिशाची हाडावर चपटी होते."

"मोठा बार कुठलीचा होतो? तीच दे. जनावर आवाजालाच पळतं."

तेव्हा मला तो रुबाब वाटला. आता किळस येते.

दिवाळीनंतर शेतात उसातून रानडुक्कर निघालं. रिव्हॉल्वर कमरेलाच ठेवून मामा जीपमध्ये शिरले आणि दार आतून लावलं. मामी बाहेरच! मी तिला बैलगाडीवर ओढून घेतलं. डुक्कर निघून गेल्यावर मामांनी काच उघडली.

"वाचलीस ना गं?"

"मी वाचले," मामी म्हणाली. "तुम्ही मेलात."