पाठीतल्या पाण्याचा कागद

आमची आक्का दुष्काळातही टँकरच्या रांगेत गाणी म्हणायची. पुढच्या बाईला चिडवून हसवायची आणि तिच्याआधीच आपली घागर भरून घ्यायची. मला तिचा भारी हेवा वाटायचा. अजूनही ती डोळ्यांपुढे येते ती अशीच, कमरेला घागर आणि तोंडात टोमणा.

त्याच वर्षी वडवणीच्या बाजारात तिला झटका आला. लोकांनी नाकाला चप्पल लावली. आठ दिवसांत दुसरा झटका, सोबत ताप. बीडच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासावं लागेल. दादांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, चेहराच उतरला. आम्ही दरसाल सहकारी कारखान्याचा ऊस तोडायला जाणारी माणसं.

"पाठीत सुई घातल्यावर लेकीनं मोळी कशी उचलायची?"

आक्काच म्हणाली, "काढू द्या दादा. मला काय झालंय ते कळू तरी द्या."

गुडघे पोटाशी घेऊन ती कुशीवर निजली. माझा हात तिनं इतका दाबला की बांगडी पिचली.

रिपोर्ट मिळाला तो सुट्टी झाल्यावर. घरात वाचता येणारी मी एकटीच, सातवीतली. त्यात 'नॉर्मल' लिहिलेलं. मी ओरडले, "आक्काला काय बी न्हाई!" आईनं गल्लीत गूळ वाटला. डॉक्टरांनी झटक्यांसाठी दिलेल्या गोळ्या कोनाड्यात गेल्या. पाण्यात जंतू नाहीत, एवढंच तो कागद सांगत होता. मिरगी त्यात दिसतच नाही, हे मला कुठलं ठाऊक?

दिवाळीनंतर आम्ही कारखान्यावर गेलो. कोपीसमोर, म्हणजे पाचटाच्या झोपडीसमोर, भाकरी थापताना आक्का मुकादमाची नक्कल करायची, सगळे पोट धरून हसायचे. मग एका सकाळी डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना तिला झटका आला. ती पडली ती उठलीच नाही.

आता मी प्रयोगशाळेत काम करते. पाठीतल्या त्याच पाण्यातल्या प्रथिनांवरून मिरगी ओळखता येईल का, याचा शोध इथं चाललाय. साहेब म्हणतात, अजून खात्री देता येत नाही. मला त्या 'अजून'चा राग येतो. रिपोर्ट नॉर्मल आला की मी स्वतः बाहेर जाऊन सांगते, यावरून मिरगी नाही असं समजू नका, गोळ्या थांबवू नका.

परवा एका म्हातारीनं विचारलं, "बाई, एकच गोष्ट तीनदा कशापायी सांगतीस?"

मी म्हणाले, "माझ्या बहिणीचा कागद मीच वाचला होता."