मथळ्याखालचं वाचणारे साडूभाऊ

पेपरातला मथळा खरा मानणारा माणूस आणि आमचे थोरले साडूभाऊ एका बसमध्ये शेजारी बसले, तर दोघांपैकी एकाला नेकनूर यायच्या आत उतरावं लागेल, आणि तो एक साडूभाऊ नसतील. ते गावच्या सोसायटीचे सचिव. खत-बियाणं वाटणं हे त्यांचं काम. पण खरा जीव पावसाच्या अंदाजात. अंदाज छापून आला की लाल पेनानं मथळा खोडायचा, बातमीतला शेवटचा, कुणीच न वाचलेला परिच्छेद खडूनं फळ्यावर उतरवायचा आणि येईल त्याला मोठ्यानं वाचायला लावायचा. टपाल द्यायला आलेला पोस्टमनसुद्धा त्यातून सुटत नसे.

बोलणंही त्याच चालीचं. बारशाला येणार का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "येण्याची शक्यता जास्त हाय. पर बस बंद पडली तर मला धरू नका." त्यांची बायको, म्हणजे आमच्या अक्का, कपाळाला हात लावायच्या. "ह्या माणसानं मला होकार कसा दिला, देवालाच ठाऊक!"

एका वर्षी, दोन सालं टँकरमागं धावून जीव मेटाकुटीला आलेला असताना, मोठ्या अक्षरांत छापून आलं, 'यंदा धो-धो बरसणार!' झालं! सगळं गाव धूळपेरणीला निघालं, म्हणजे पावसाआधीच कोरड्या रानात सरकी टोकायला. बियाण्यासाठी सोसायटीपुढं ही गर्दी! साडूभाऊंनी गोदामाला कुलूप घातलं आणि स्वतः दारात उभे राहिले.

"अंदाज साऱ्या देशाचा हाय, चार महिन्यांचा हाय. तुमच्या रानाचा न्हाई अन् जूनचा बी न्हाई. त्यात बी सरासरीइतक्या पावसाची शक्यता म्हटलंय. धो-धो कुठं हाय, दाखवा! वीतभर ओल होऊद्या, मग न्या."

लोक लई भडकले. सगळ्यात मोठा आवाज माझा. "साडूभाऊ, तुमी सोसायटी चालवता का हवामान खातं?" असं चारचौघांत बोललो आणि बीडहून बियाणं आणून चारही एकर टोकून मोकळा झालो. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

एक सर आली. कोंब वर आले. मग तीन आठवडे आभाळ कोरडं ठणठणीत, आणि सगळं करपलं. घर त्याच पिकावर चालायचं, आणि बीडला दुसरं बियाणं शोधून सापडेना. पुढं खरा पाऊस झाला, गोदाम उघडलं, रांग लागली. मी गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाणार? दुपारी साडूभाऊच सायकलला पिशव्या लटकवून दारात.

"रांगेत का आला न्हाईत? संपलं की सगळं. हे माझ्या वाट्याचं हाय, घ्या."

"अन् तुमचं रान?"

"मला पगार हाय. तुमच्या लेकरांनी काय खायचं? घ्या गपगुमान, वापसा निघून चाललाय, पेरणीजोगी ओल ऱ्हायची न्हाई."

मला रडूच आलं.

त्या साली त्यांच्या रानात दिवाळीपर्यंत नुसतं गवत होतं. आणि हा माणूस माझ्या कापसातून असा खुशीत हिंडायचा की बघणाऱ्याला वाटावं, पीक त्याचंच. आता ते पुण्याला लेकाकडं असतात, गावाकडं फारसं येणं होत नाही. त्यांचं रान मीच करतो. दरवर्षी ओल झाली की आधी ते पेरतो, मग माझं.