उमाकांतरावांचा उलाळ ट्रेलर

उमाकांतराव टेंब्यांविषयी लिहा, असं मला कुणी सांगितलेलं नाही. उलट त्यांच्या पत्नीला, कुमुदिनीवहिनींना, हे कळलं तर त्या माझं तोंडही पाहणार नाहीत. तरी लिहितोय. खंडेनवमीला चेन्नईतल्या अंबत्तूरच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये काय घडलं ते आम्हा दोघांनाच ठाऊक आहे, आणि यंदा त्याला दोन वर्षं होतील.

उमाकांतराव मूळचे खडकीचे. चेन्नईजवळच्या आवडी गावी रणगाड्यांच्या कारखान्यात तेहतीस वर्षं वेल्डिंग करून फोरमन म्हणून निवृत्त झाले, आणि घरामागच्या शेडमध्ये लोकांची गेटं, जिने, ग्रिलं करू लागले. मी शेजारी, बँकेतून निवृत्त, आणि जीभ गरजेपेक्षा जास्त चालणारा. “तुमच्या हातचा सांधा तुटायचा नाही आणि तोंडातून शब्द सुटायचा नाही,” असं मी त्यांना चिडवायचो. ते नुसते हसायचे.

मुलाशी मात्र त्यांनी बोलणंच टाकलं होतं. अमोघने श्रीपेरुंबुदूरची मोटारकारखान्यातली चांगली नोकरी सोडली आणि महाबलीपुरमच्या पुढे समुद्रकिनारी एटीव्ही फिरवायचा धंदा काढला. एटीव्ही म्हणजे वाळूत पळणाऱ्या चार जाड चाकांच्या मोटारसायकली. “शिकलासवरलेला पोरगा जत्रेतले घोडे फिरवणार,” असं उमाकांतराव म्हणाले आणि आठ महिने गप्प बसले. आतून किती खचले होते ते मी रोज बघत होतो.

मग सप्टेंबरात एके संध्याकाळी अमोघ आला. जीपच्या मागे जनरेटर वाहायचा एक जुना, छोटा, दोन चाकी ट्रेलर होता.

“अप्पा, यावर दोन एटीव्ही बसल्या पाहिजेत,” तो म्हणाला. “बाहेर कुणीही करून देईल. पण मला तुमच्याच हातचा हवाय.”

उमाकांतरावांनी खिशातून टेप काढला आणि मापं घ्यायला लागले. वहिनी स्वयंपाकघराच्या खिडकीत डोळे पुसत उभ्या होत्या.

पुढचे तीन आठवडे तो माणूस वीस वर्षांनी तरुण झाला. एकामागे एक अशा दोन गाड्या उभ्या राहाव्यात म्हणून ट्रेलरचा पाळणा, म्हणजे गाड्या ठेवायचा सांगाडा, मागच्या बाजूला चार फूट वाढवला. टायर घसरू नयेत म्हणून खाली खवल्याचा पत्रा टाकला. चढवायला बिजागरीचा रॅम्प, चाकांपुढे अडसर, पट्टे आवळायला आठ कड्या. प्रत्येक कडीला दोन्ही हातांनी लोंबकळून बघायचे. मी म्हटलं, “अहो, एटीव्ही न्यायच्यात, रणगाडा नाही.” त्यावर चक्क खळखळून हसले.

खंडेनवमी आली. इथली आयुधपूजा. वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, हातोड्या, पाने, सगळं धुऊन, गंध-कुंकू लावून केळीच्या पानांवर मांडलं होतं. दुपारी अमोघने दोन्ही एटीव्ही भाड्याच्या टेम्पोतून आणल्या. त्याआधी त्या शेडमध्ये आल्याच नव्हत्या, त्यामुळे भार घालून बघणं झालंच नव्हतं. ट्रेलरवर चढवल्या, पट्टे आवळले, हार घातले, कोहळा फोडला. अमोघ आत जेवायला गेला. आठ महिन्यांनी तो त्या घरात जेवत होता.

उमाकांतराव पुढे गेले आणि जीपला अडकवायचा दांडा त्यांनी सहज उचलून बघितला. तो दोन बोटांवर वर आला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“दिनानाथराव, उलाळ झालाय.”

मी साताऱ्याकडच्या खेड्यातला. उलाळ म्हणजे काय ते मला कळतं. गाडीत मागे भार जास्त झाला की जू बैलांच्या गळ्याशी येतं आणि गाडी मनासारखी धावत नाही.

“पाळणा मागे वाढवला, तसा अ‍ॅक्सलही मागे न्यायला हवा होता,” ते पुटपुटले. “वेगात शेपूट हलेल याचं. तेहतीस वर्षं समोर ड्रॉइंग असायचं हो. रेघ असेल तिथे वेल्ड करायचं. इथे ड्रॉइंगच नव्हतं, आणि मला ते सुचलंही नाही.”

“गाड्या पुढे सरकवा की.”

“जागा कुठाय? अ‍ॅक्सलच हलवायला हवा. दोन-तीन तासांचं काम आहे.” आणि ते केळीच्या पानांकडे निघाले.

मी त्यांचा दंड धरला. मीच. “अहो, खंडेनवमीला पूजेतलं हत्यार उचलता? पोरगं इतक्या महिन्यांनी घरात आलंय, आजच्या दिवशी त्याच्या गाडीत खोट काढू नका. दोन दिवसांनी बोलवा आणि करा.”

ते थांबले. खडकीला वडिलांनी, आवडीला कारखान्याने, कुणीच या दिवशी साधा पानासुद्धा उचलू दिला नव्हता. मी नसतं धरलं तरी ते थांबले असते, असं मी स्वतःला सांगतो. पटत नाही.

अमोघ तोंड पुसत बाहेर आला. दुसऱ्या दिवशी दसरा, त्यात रविवार, किनाऱ्यावर गर्दी होणार म्हणून त्याला लगेच निघायचं होतं. उमाकांतराव एवढंच म्हणाले, “हळू जा. चाळीसच्या वर नको.”

“परवाइल्लै, काही होत नाही अप्पा, केवढं मजबूत केलंय तुम्ही!” म्हणत तो वाकला, वडिलांच्या पाया पडला आणि गेला. मी हात हलवून निरोप दिला.

किनाऱ्याच्या रस्त्यावर एक बस त्याच्या शेजारून जोरात पुढे गेली. ट्रेलर हेलकावे खाऊ लागला, अमोघने ब्रेक दाबला, आणि जीपसकट सगळं उलटलं. वेग साठच्या आसपास होता. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

चौथ्या दिवशी आम्ही दोघं हॉस्पिटलात गेलो. कॉफीचा थर्मास माझ्या हातात होता. अमोघ उशीला टेकून बसला होता, आणि आम्ही काही बोलायच्या आत तोच म्हणाला, “सॉरी, अप्पा. तुम्ही चाळीस सांगितलं होतं, माझंच चुकलं. तुमचा एक सांधा निघाला नाही, माहितेय? पोलिससुद्धा म्हणाला, काम पक्कं आहे.”

उमाकांतराव कॉटचा दांडा धरून उभे राहिले. “अमोघ, मला कळलं होतं.”

“काय?”

“ट्रेलर मागे जड झालाय ते. तू जेवत होतास तेव्हाच कळलं होतं.”

“मग सांगितलं का नाही?”

उमाकांतरावांनी माझं नाव घ्यायला काही हरकत नव्हती. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलंही नाही. “हत्यारं पूजेत होती,” ते म्हणाले.

अमोघने चादर कमरेवर ओढून घेतली आणि नर्सला तमिळमध्ये सांगितलं, यांना बाहेर जायला सांगा.

‘अरे, मी अडवलं त्यांना’, एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं. उमाकांतराव वळून दाराबाहेर पडले. मी थर्मास टेबलावर ठेवला आणि त्यांच्या मागोमाग निघालो.